मागच्या पलंगापर्यंत हवा

मूर्तिजापूरच्या अलीकडे हेमंतनं गाडी थांबवली, तशा सासूबाई मागच्या दारानं उतरल्या. दोन्ही बाजूंना नीट पाहून त्यांनी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बसथांब्यातल्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसल्या. पलीकडची बाजू म्हणजे परत अमरावतीकडे जाणारी.

"मी काही आता चढत नाई," त्या तिथूनच ओरडून म्हणाल्या. "तुम्ही समुद्र पाहून या. फोटो काढून आणा. मी घरी बसून पाहीन."

"अगं, पण झालं काय?" मामाजींनी खिडकीतून डोकं काढलं.

"काय झालं? मागं जाऊन पाच मिनिटं झोपा त्या पलंगावर. पापड ठेवला तर भाजून निघंल!"

ही दोन हजार दहा सालच्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या लग्नाला तेव्हा चौदा महिने झाले होते. मामाजी म्हणजे माझे सासरे, देवरावजी काळमेघ. एस.टी.च्या वर्कशॉपात सदतीस वर्षं नोकरी करून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. त्या सदतीस वर्षांत त्यांनी सासूबाईंना कुठेही नेलं नव्हतं. दिवाळी, उन्हाळा, जत्रा, जेव्हा जेव्हा लोक गावाला निघत तेव्हा तेव्हा मामाजी गाड्यांच्या खाली असत. सासूबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. ही गोष्ट त्या दर चार दिवसांनी, भाजी निवडता निवडता, कोणाचं नाव न घेता बोलून दाखवत.

म्हणून निवृत्तीनंतर मामाजींनी एक जुनी मिनीबस घेतली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत आठ महिने खपून तिची घरगाडी केली. लोक कॅराव्हॅन म्हणत, मामाजी घरगाडीच म्हणायचे. पुढे बसायला गाद्या, मध्ये ओटा आणि गॅस, एका बाजूला कपाट, आणि सगळ्यात मागे सासूबाईंसाठी पलंग, खिडकीला लागून. मागच्या बाजूला छोटा जनरेटर आणि छतावर एसी. छताला आतून गुळगुळीत सनमायका लावला होता. त्याला चौसष्ट स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रूची खाच एकाच दिशेला. असं काम मी आजतागायत पुन्हा पाहिलं नाही.

पहिलाच प्रवास गुहागरचा ठरला होता. पहाटे निघायचं होतं, पण नारळ फोडणं, गल्लीतल्या सगळ्यांना गाडी आतून दाखवणं, यात दहा वाजले. बडनेरा ओलांडलं आणि उन्हाचा कडाका सुरू झाला. बाहेर त्रेचाळीसच्या वर. गंमत अशी की पुढे स्टिअरिंगवर बसलेल्या हेमंतच्या मानेवर एवढं गार वारं येत होतं की त्याला शिंका सुटल्या होत्या. आणि मागे सासूबाई पदरानं वारा घेत होत्या.

मामाजी गाडीतून उतरले. गळ्यातल्या पंच्यानं चष्मा पुसत म्हणाले, "गॅस पूर्ण भरलाय. कॉम्प्रेसर नवा. फिल्टर आज सकाळी मी स्वतः धुतला. एसीत काही खोट नाही."

"मग माझ्यातच खोट असंल," सासूबाई म्हणाल्या.

हेमंत दोघांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. माझा नवरा चांगला माणूस आहे, पण आईवडलांचं भांडण सुरू झालं की तो आभाळाकडे पाहायला लागतो.

मी गाडीत परत गेले. जनरेटर चालूच होता. पर्समधून टिश्यू पेपर काढला, त्याची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि छतातल्या पहिल्या जाळीपाशी धरली. फडफडली. मधल्या जाळीपाशी नुसती हलली. पलंगावरच्या जाळीपाशी धरली तर सरळ खाली लोंबत राहिली, दोरीवर वाळत घातलेल्या रुमालासारखी.

तेवढ्यात वर कॉम्प्रेसर बंद पडला. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटांनी सुरू झाला आणि तीन मिनिटांत परत बंद. गाडी तापलेली आणि एसीला मात्र वाटतंय की झालं आपलं काम.

मी आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला होता. आमच्या बॅचला मी एकटीच मुलगी. पण सासरी आल्यावर त्याचा विषय कधी निघाला नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. माझ्या माहेरचाही विषय तसा कमीच निघायचा. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, अकोल्यात जुन्या शहरात कूलर बनवतात. दुकानावर पाटी आहे, 'ताथोड कूलर्स'. लग्नानंतर मामाजी एकदाही तिकडे गेले नव्हते. बोलणं आलं की 'हो, जाऊ एकदा' म्हणून विषय बदलायचे. याही प्रवासात आदल्या दिवशी त्यांनी हेमंतला बजावलं होतं, "अकोल्यात शिरायचं नाही. बायपासनं जायचं, वेळ वाचतो." मी स्वयंपाकघरात दशम्या बांधत होते. ऐकलं आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

तर, मी पर्समधलं नाणं काढलं, एसीच्या खालच्या जाळीचे दोन स्क्रू सोडवले आणि आत हात घातला. या जाळीतून गाडीतली गरम हवा वर ओढली जायला हवी. माझ्या हाताला लागली ती गार हवा. बर्फासारखी. एसीतून बाहेर पडलेली हवा मागं पलंगाकडे जाण्याऐवजी आतल्या आत वळसा घेऊन परत एसीतच चालली होती.

मी दारातून हाक मारली, "मामाजी, सापडलं."

ते आले. मी सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा आधी उत्सुक झाला, मग हळूहळू बंद होत गेला.

"म्हणजे छत उघडावं लागंल."

"हो. एसीच्या खालच्या खोक्यात मधली भिंत नाही. गार हवेची बाजू आणि गरम हवेची बाजू एकच झाली आहे."

"पोरी, सदतीस वर्षं मी वर्कशॉप चालवलं..."

"सदतीस वर्षं!" पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. त्यांचे कान शाबूत होते. "तुमच्या त्या लाल डब्यात एसी होता का कधी? खिडकीची काच वर जात नव्हती एकेकीची!"

"छताला हात लावायचा नाही," मामाजी म्हणाले. "समुद्र पाहून येऊ, मग घरी निवांत बघू."

"तर मग हे पहा, माझी बस आलीच," सासूबाई म्हणाल्या.

खरंच अकोल्याकडून एस.टी. येत होती. सासूबाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि हात केला. बस थांबली. कंडक्टरनं दार उघडलं, "चला मावशी, लवकर." आणि त्याचं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. "अरे! काळमेघ साहेब? साहेब, तुम्ही? गाडी बंद पडली का?"

मामाजींच्या आयुष्यात यापेक्षा वाईट प्रश्न कोणी विचारला नसेल. सगळी बस या बाजूच्या खिडक्यांना लागली.

"गाडी चालू आहे!" मामाजी ओरडले. "एकदम ओके आहे!"

"मग मावशी...?"

"मावशींना गरम होऊन राहिलं," सासूबाईंनी पायरीवर एक पाय ठेवून खुलासा केला.

मला त्या क्षणी काय झालं माहीत नाही. चौदा महिन्यांत मी त्या घरात मोठ्या आवाजात बोलले नव्हते. मी भर रस्त्यात उभी राहून म्हणाले, "मामाजी, इथून पाऊण तासावर माझ्या भाऊंचं दुकान आहे. पत्रा आहे, कात्री आहे, टेप आहे. तीन तासांचं काम आहे. आई उद्या समुद्राच्या वाटेवर असतील. नाहीतर त्या आत्ता या बसनं परत जातील, आणि मग त्या पुन्हा कधी निघणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मामाजींनी एकदा थांबलेल्या बसकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हेमंत," ते म्हणाले, "अकोल्यात घे."

सासूबाईंनी पाय खाली घेतला. कंडक्टरला म्हणाल्या, "जा बाप्पा तू. उगाच खोळंबा."

त्या पुढच्या सीटवर, हेमंतच्या शेजारी बसल्या आणि अकोला येईपर्यंत त्यांनाही शिंका आल्या.

मे महिना म्हणजे भाऊंचा हंगाम. दुकानासमोर कूलरची रांग लागली होती, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास सुटला होता, आणि भाऊ बनियनवर, कानामागे पेन्सिल खोचून, एका कूलरची मोटर हातात धरून उभे होते. गल्लीच्या तोंडाशी ती भलीमोठी घरगाडी आली, तशी सगळी गिऱ्हाइकं वळली. भाऊंनी मोटर खाली ठेवली.

"प्रणिता?" त्यांनी मला पाहिलं, आणि मग माझ्यामागून उतरणाऱ्या मामाजींना. घाईघाईनं खुंटीवरचा सदरा ओढून अंगात घातला. "या, या व्याहीबुवा. अहो, कळवायचं तरी. या."

"येणं झालं," मामाजी म्हणाले. एवढंच. आणि कूलरच्या पत्र्याकडे पाहायला लागले.

दुकानाच्या मागेच घर. माझी माय बाहेर आली, सासूबाईंचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या कूलरसमोर बसवून पन्ह्याचा ग्लास हातात दिला. पाच मिनिटांनी मी डोकावले तर सासूबाई ग्लास तसाच धरून डोळे मिटून बसल्या होत्या. माय मला खुणेनं म्हणाली, गप, झोपल्या त्या.

भाऊंना मी सगळं सांगितलं. टिश्यूची पट्टी, गार हवा, चार मिनिटं, तीन मिनिटं. भाऊंचे दोन्ही गुडघे तेव्हा अगदी गेलेले होते, गाडीची उंच पायरी त्यांना चढवली नाही. त्यांनी दारापाशी स्टूल मांडून घेतलं आणि तिथूनच आत मान घातली.

"काय देखणं काम आहे हो," ते छताकडे पाहून म्हणाले. "हे उघडायचं म्हणजे मलेच कसंतरी वाटते."

मामाजींचा चेहरा जरा सैल झाला. "मीच उघडतो," ते म्हणाले. "स्क्रू इकडचे तिकडे व्हायला नको."

आणि त्यांनी खरंच चौसष्ट स्क्रू एकेक करून काढले. मायच्या चार वाट्या आणवल्या आणि पुढचे, मागचे, डावे, उजवे असे वेगवेगळे ठेवले. हेमंतनं आणि मी सनमायका खाली उतरवला. मी एसीखाली स्टूल ठेवून वर डोकं घातलं, टॉर्च लावली.

"बोल," भाऊ खालून म्हणाले. लहानपणी दुकानात बसवून ते मला असंच विचारायचे. स्वतः कधी उत्तर सांगायचे नाहीत. "काय दिसते?"

"मधली भिंत नाही. चार बोटांची फट आहे, आडवी."

"आणि पुढं?"

"पत्र्याचा बोगदा आहे, मागपर्यंत गेलेला. रिबिटं एकदम सारख्या अंतरावर."

"त्याचा कोपरा कसा घेतला?"

"काटकोनात."

भाऊ मामाजींकडे वळून हळूच म्हणाले, "हवा वळते व्याहीबुवा, पण तिला गोल वळण लागते. काटकोनात ती जाऊन भिंतीवर आदळते अन् तिथंच घुटमळते."

"दिसायला सरळ दिसावं म्हणून केलं," मामाजी म्हणाले. "कपाटाच्या वरून नेताना थोडं दाबलंही आहे. छत एका पातळीत यायला हवं होतं."

"किती दाबलं?"

मी वरून हात घातला. "दोन बोटं उरली आहेत."

"बापरे," भाऊ म्हणाले. "म्हणजे आठ इंचातून निघालेली हवा दोन बोटांतून जाऊन राहिली."

मामाजींनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मला वाटलं, आता रागावून बाहेर जातील. पण ते दुकानात गेले, गठ्ठ्यातून पत्र्याचा एक तुकडा उपसला आणि म्हणाले, "हा चालंल?"

मी माप घेतलं, भाऊंनी आखून दिलं, मी कापलं. पहिला तुकडा अर्धा इंच कमी भरला. चूक माझीच. टेपचं टोक मी आडव्या पट्टीच्या आतून धरलं होतं. भाऊ ओरडतील म्हणून मी मान खाली घातली, तर मामाजी म्हणाले, "वर्कशॉपात पहिला तुकडा नेहमी कमीच भरतो. दुसरा घे." त्यांच्या तोंडून मला मिळालेला तो पहिला दिलासा.

दुसरा बसला. मी दोन स्टुलांवर टाकलेल्या फळीवर पाठीवर झोपून, तोंडात चंदेरी टेपची पट्टी धरून, फटीच्या कडा बंद करत होते. खाली दारापाशी भाऊ आणि मामाजी कोपऱ्याचा नवा गोल तुकडा करत होते. एकानं पत्रा धरायचा, दुसऱ्यानं वाकवायचा. मी वर आहे हे बहुधा दोघंही विसरले होते.

"ताथोडजी," मामाजी म्हणाले.

"हं."

"लग्न ठरायच्या दिवशी... ओसरीवर... मी माझ्या भावाजवळ एक शब्द बोललो होतो."

पत्र्याचा आवाज थांबला.

"पोरगी लाखात एक आहे, पण बाप पत्रेवाला आहे, असं म्हणालो होतो," मामाजी म्हणाले. "अन् मागं वळून पाहिलं तर तुम्ही चपला घालत होते."

"हो."

"म्हणजे ऐकलं होतं."

"ऐकलं होतं."

"मग बोलले काऊन नाही? माझ्या तोंडावर बोलायचं होतं. मी चौदा महिने या गल्लीत पाय ठेवू शकलो नाही. अकोला आलं की मी बायपास धरतो. कोणत्या तोंडानं यावं?"

मी वर श्वास धरून पडले होते. मला हे काही माहीत नव्हतं. भाऊंनी मला सांगितलं नव्हतं, मायला सांगितलं नव्हतं. आणि मी इतके दिवस समजत होते की कूलरवाल्याच्या दारात जायला मामाजींना कमीपणा वाटतो. तो माणूस लाजत होता.

भाऊ म्हणाले, "पत्रेवाल्याले पत्रेवाला म्हटलं, त्यात काय बोलायचं? तुम्ही पहिलं वाक्यही म्हणालेच होते नं. मी तेवढं घरी नेलं." आणि मग नेहमीच्या आवाजात, "धरा, नीट धरा. अंगठा आत नका घेऊ, कापंल."

पत्रा पुन्हा वाजायला लागला. मी तोंडातली टेप काढली. ती ओली झाली होती, नुसत्या थुंकीनं नाही. दुसरी पट्टी फाडून घ्यावी लागली.

चार वाजता कोपरा बसला. कपाटाच्या वरचा दाबलेला भाग आम्ही कापून मोठा केला. त्यासाठी कपाटाच्या आतली वरची फळी काढावी लागली, आणि ती मामाजींनी स्वतःहून काढली. हेमंतनं जनरेटर चालू केला. मी पुन्हा टिश्यूची पट्टी घेऊन निघाले. पहिली जाळी, फडफड. मधली जाळी, फडफड. पलंगावरची जाळी... जरा हलली. बस.

"नाही," मी म्हणाले. मला रडूच यायचं बाकी होतं.

"अजून काहीतरी आहे," भाऊ दारातून म्हणाले. "जाळी काढ. हात घाल."

मी हात घातला. मऊ काहीतरी लागलं. ओढलं तर एक पिवळं फडकं बाहेर आलं, पॉलिशचे डाग पडलेलं, चांगलं हातभर लांब. बोळा करून आत बसलं होतं.

मामाजी त्या फडक्याकडे पाहतच राहिले.

तोवर सासूबाई झोपून उठल्या होत्या आणि काय चाललंय पाहायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी ते फडकं पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"सापडलं!" त्या ओरडल्या. "हेच नं ते? पॉलिशचं फडकं तू फेकलं, तू पोछ्याले घेतलं, म्हणून आठ दिवस माझ्यावर आळ घेतला या माणसानं! ईहीणबाई, या इकडं, पहा! तुमच्यासमोर सांगते. छताच्या पोटात कोंबलं अन् चोर मी!"

भाऊ स्टुलावर इतके हसले की त्यांना धरावं लागलं. हेमंत हसत हसत गाडीतून उतरून गेला. मामाजींनी फडकं माझ्या हातातून घेतलं, त्याची नीट चौकोनी घडी घातली, खिशात ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आता लाव पट्टी."

मी पट्टी धरली. ती सरळ आडवी झाली आणि तशीच थरथरत राहिली. दाराकडे तोंड करून.

सासूबाई आत चढल्या. कोणाशी न बोलता पलंगावर आडव्या झाल्या. आम्ही सगळे बाहेर, दारापाशी, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे उभे. भाऊंच्या दुकानातले दोन-तीन गिऱ्हाइकंसुद्धा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कॉम्प्रेसर एकदाही मध्ये बंद पडला नाही.

मग आतून आवाज आला, "अगं प्रणिता, चादर आहे का गं एखादी? थंडी वाजून राहिली."

अकोल्यात, मे महिन्यात, दुपारी साडेचारला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

चौसष्ट स्क्रू परत लावायला तासभर गेला, कारण सगळ्या खाचा एका दिशेला यायला हव्या होत्या. निघताना मामाजी भाऊंना म्हणाले, "तुम्हीही चला ताथोडजी. जागा आहे. दोघंही चला."

"हा महिना माझा नसते व्याहीबुवा, गावाचा असते," भाऊ म्हणाले. "पाऊस पडू द्या. मग कुठंही न्या."

पुढे खरंच त्या वर्षी श्रावणात ते चौघं लोणारला जाऊन आले आणि वाटेत कुठल्या ढाब्यावर थांबायचं यावरून दोघं म्हातारे इतके भांडले की दोघी म्हाताऱ्यांनी परत बसनं यायची धमकी दिली. पण तो प्रवास वेगळा.

गुहागरला आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. सुरूच्या बनात गाडी लावली. सासूबाई चप्पल गाडीतच विसरून वाळूत उतरल्या, पाण्याजवळ जाऊन थांबल्या, आणि बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मग लुगडं गुडघ्यापर्यंत धरून आत शिरल्या. पहिली लाट आली तशी त्यांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून मामाजी बूट-मोज्यांसकट पाण्यात धावले. त्या पडल्या नव्हत्या. त्यांना नुसता आनंद झाला होता.

आमच्या शेजारी कोल्हापूरचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातले गृहस्थ, बेडगे त्यांचं नाव, खेड्यापाड्यांत फिरत्या दवाखान्याची गाडी चालवत. डोळे तपासायची यंत्रं, खुर्ची, सगळं गाडीतच. त्यांनी कुतूहलानं आमची गाडी आतून पाहिली, मागच्या पलंगावर जाऊन बसले आणि वर हात धरला.

"अहो, इथपर्यंत कशी काय येते हवा?" ते म्हणाले. "आमच्या गाडीत पुढं डॉक्टर गारठतात आणि मागं पेशंटला घाम फुटतोय. तीन जणांना दाखवलं. सगळे गॅस भरून जातात. तुम्ही कोणत्या कंपनीकडनं करून घेतलंसा?"

मामाजी दोरीवर मोजे वाळत घालत होते. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. मला वाटलं, ते म्हणतील, मीच केलं. त्यांचा हक्कही होता. गाडी त्यांचीच, चौसष्ट स्क्रू त्यांचेच.

ते आत आले. माझ्या शेजारी उभे राहिले.

"गाडी मी बांधली," ते म्हणाले. "पण मला हवेचं काही कळत नाही. हवा हिनं खेळवली." आणि मग, घसा साफ करून, जरा मोठ्यानं, बाहेर उभ्या असलेल्या बेडग्यांच्या बायकोलाही ऐकू जाईल असं, "ही अकोल्याच्या ताथोडांची मुलगी. पत्र्याच्या कामात त्या माणसाचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. गाडी घेऊन या तुम्ही. ही बघंल."

मी त्यांची सून आहे हे सांगायचं ते विसरूनच गेले. जूनमध्ये बेडगे खरंच गाडी घेऊन अमरावतीला आले, ते माझं पहिलं काम. दोन दिवस ते मला "ताथोड मॅडम, ताथोड मॅडम" म्हणत होते. मामाजी तिथेच स्क्रू मोजत बसले होते. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.